वाळूची हद्द

वाचनासाठी : ईयोब ३८:१-११, यिर्मया ५:२०-२५, नीतिसूत्रे ३१:८-९



हिब्रू भाषेत 'होक' असा एक लहानसा शब्द आहे. जुन्या कराराचे भाषांतर करणाऱ्याला तो वारंवार भेटतो आणि दर वेळी क्षणभर थांबवतो. त्याचा एक अर्थ विधी, नियम, कायदा असा आहे. दुसरा अर्थ आखून दिलेली मर्यादा, हद्द असा आहे. कोरणे, रेघ ओढणे ही त्याच्या मुळाशी असलेली कल्पना. मराठीत आपल्याला त्या त्या ठिकाणी दोहोंपैकी एक अर्थ निवडावा लागतो आणि दुसरा हातातून निसटतो.

हाच शब्द समुद्राच्या संबंधाने पवित्र शास्त्रात तीन महत्त्वाच्या ठिकाणी आला आहे. ईयोबाच्या अडतिसाव्या अध्यायात परमेश्वर सांगतो की, समुद्र उफाळून बाहेर आला तेव्हा त्याला दारे आणि अडसर लावून त्याचा 'होक' मी ठरवला. नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायात ज्ञान तीच साक्ष देते. यिर्मयाच्या पाचव्या अध्यायात तर ही हद्द कशाची केली तेही सांगितले आहे. ती वाळूची आहे. खवळलेल्या सागराला अडवण्यासाठी परमेश्वराने तटबंदी उभारली नाही. मुठीतून गळून जाणारी वाळू त्याने पुढे पसरली आणि लाटांनी ती मानली. यिर्मयाचा खरा रोख मात्र त्यापुढच्या वचनात आहे. मुका समुद्र आपली हद्द ओळखतो, पण माझी प्रजा ती ओळखत नाही, असे तो म्हणतो. अध्याय पुढे वाचला म्हणजे या हद्द ओलांडण्याचा अर्थ स्पष्ट होतो: धष्टपुष्ट झालेले लोक पोरक्याचा वाद चालवीत नाहीत आणि दरिद्र्यांचा न्याय करीत नाहीत (५:२८). समुद्राची हद्द आणि न्यायालयातील वाद या दोन गोष्टी संदेष्ट्याने एकाच श्वासात उच्चारल्या आहेत. आजच्या चिंतनाचा विषय तोच आहे.

आपल्या देशाच्या कायद्यातही समुद्राजवळ अशी एक रेघ आहे. तिला भरतीची रेषा म्हणतात. २७ नोव्हेंबर १९८१ रोजी तत्कालीन पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून, भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवावा असे कळविले होते. पत्राला कायद्याचे रूप येण्यास जवळजवळ दहा वर्षे लागली. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी, १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली, किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली आणि भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरच्या पट्ट्यात काय करावे व काय करू नये हे ठरले. तथापि रेघ कागदावर ओढली म्हणून ती वाळूवर उमटतेच असे नाही. पाच वर्षे उलटली तरी राज्यांनी किनाऱ्याचे आराखडे करून त्यांना रीतसर मान्यता घेतली नव्हती. मधल्या काळात, १९९४ मध्ये, अधिसूचनेला सवलतींची भोके पाडण्यात आली. अखेर पर्यावरणविषयक खटले लढविणारे वकील श्री. एम. सी. मेहता यांच्या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. एप्रिल १९९६ मध्ये न्यायालयाने राज्यांना आराखड्यांसाठी मुदत घालून दिली आणि त्या सवलतींतील महत्त्वाचा भाग रद्द केला.

येथे एक प्रश्न येईल, आणि तो यायलाच हवा. आमच्या भिलाईतील मराठी उपासनेनंतर एका तरुणाने मला तो सरळच विचारला: "पास्टरांपासून तुमच्यापर्यंत सगळे सृष्टीविषयी बोलता, पण आपण पोलादाच्या गावात राहतो. समुद्र येथून शेकडो किलोमीटर लांब. त्याच्याशी आपले काय देणेघेणे?" प्रश्न प्रामाणिक होता. हे गाव उभे राहिले ते भट्टीवर. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि विदर्भातून, मध्यप्रांताच्या जुन्या जिल्ह्यांतून आलेल्या कित्येक मराठी कुटुंबांची चूल त्या भट्टीवर पेटली. आपल्या भाकरीला लोखंडाचा वास आहे. त्याची लाज वाटण्याचे कारण नाही.

मी त्याला नकाशा पाहायला सांगितले. दुर्गला खेटून वाहणारी शिवनाथ उत्तरेला वळसा घेत महानदीला मिळते. महानदी हिराकूडच्या धरणातून पुढे कटकपाशी येते आणि तेथे तिला फाटे फुटतात. त्या फाट्यांतून निघालेल्या दया आणि भार्गवी या नद्या चिलिका सरोवरात उतरतात. म्हणजे भिलाईच्या गटारातून वाहून शिवनाथेत गेलेल्या पाण्याला चिलिकेपर्यंत वाट आहे. पाण्याच्या हिशेबाने पाहिले तर आपण समुद्रकाठचेच रहिवासी. फक्त आपले घर जरा वरच्या अंगाला आहे.

चिलिका हे समुद्राला जोडलेले खाऱ्या-गोड्या पाण्याचे विशाल सरोवर आहे. पावसाळ्यात त्याचा पसारा अकराशे चौरस किलोमीटरपर्यंत जातो. १९८१ मध्ये रामसर कराराखाली आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून भारतातील ज्या पहिल्या दोन ठिकाणांची नोंद झाली, त्यांपैकी हे एक. येथे इरावती डॉल्फिन राहतात. त्यांचे डोके वाटोळे असते, चोच नसते, पाठीवरचा पर लहानसा असतो. हा मासा नव्हे. पिलाला दूध पाजणारा आणि श्वास घेण्यासाठी पाण्याच्या पृष्ठभागावर येणारा हा सस्तन प्राणी आहे. तळाशी लावलेल्या जाळ्यात तो गुंतला तर त्याला वर येता येत नाही आणि पाण्यातला हा जीव पाण्यातच बुडून मरतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने, स्थान दिले आहे. चिलिकेत अलीकडच्या गणतींत असे सुमारे दीडशे डॉल्फिन आढळले. आपल्या एखाद्या मध्यम मंडळीच्या सभासदांहूनही ही संख्या कमी भरेल.

भाषांतरकाराला येथे थोडे विषयांतर करू द्यावे. समुद्रातील सस्तन प्राणी पवित्र शास्त्रात येतात काय? कदाचित येतात. विलापगीताच्या चौथ्या अध्यायात, आपल्या पिलांना स्तनपान देणाऱ्या एका प्राण्याचा उल्लेख आहे. हिब्रू लेखकांनी मूळ मजकुरात 'तन्नीन', म्हणजे समुद्रातील प्रचंड जीव, असे लिहिले आणि वाचताना 'तन्नीम', म्हणजे कोल्हे, असे वाचावे असा शेरा समासात दिला. १६११ च्या इंग्रजी भाषांतराने समुद्रातील जीव धरले. आज बहुतेक जण कोल्हे धरतात, आणि माझेही मत तेच आहे. निवासमंडपाच्या सर्वांत वरच्या आच्छादनासाठी 'तहश' नावाच्या प्राण्याचे कातडे सांगितले आहे (निर्गम २६:१४). तो कोण, हे कोणालाच खात्रीने ठाऊक नाही. एका सुप्रसिद्ध इंग्रजी भाषांतराने १९७८ मध्ये तेथे 'समुद्रगाय' असा शब्द घातला आणि २०११ च्या आवृत्तीत तो काढून टाकला. समुद्रगाय म्हणजे डुगाँग. आपल्या देशात आता तो अगदी थोड्या संख्येने उरला आहे. त्याच्यासाठी तामिळनाडू शासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात सुमारे ४४८ चौरस किलोमीटरचे राखीव क्षेत्र जाहीर केले. परमेश्वराच्या मंडपावर ज्याचे कातडे होते असा काही विद्वानांचा तर्क, त्या जीवाला आज सरकारी राजपत्राचे छत शोधावे लागते.

आता चिलिकेकडे परत येऊ. १९८० नंतर परदेशी बाजारपेठेसाठी कोळंबीची शेती जोरात सुरू झाली. चिलिकेच्या उथळ पाण्यात बांबू आणि जाळ्यांची कुंपणे उभी राहिली. तेथे त्यांना 'घेरी' म्हणतात. ज्या पाण्यात पिढ्यान्पिढ्या मासेमारांची डोंगी फिरत असे ते पाणी कोणाचे तरी झाले, आणि जेथून डॉल्फिन ये-जा करीत ती वाटही बुजली. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर यापेक्षा निराळे चित्र नव्हते. तेथे भातशेतीच्या जमिनी खाऱ्या पाण्याखाली जात होत्या आणि विहिरींचे पाणी खारट होत होते. एस. जगन्नाथन् या वृद्ध सर्वोदयी कार्यकर्त्याने सत्याग्रह केला आणि १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. त्यांची बाजू मांडण्यास श्री. मेहता उभे राहिले. न्यायालयाने पाहणीसाठी नागपूरच्या 'नीरी' या संशोधन संस्थेला किनाऱ्यावर पाठविले. कोळंबीच्या कमाईपेक्षा तिच्यामुळे होणारी हानी मोठी आहे, असा त्या पाहणीचा निष्कर्ष निघाला.

११ डिसेंबर १९९६ रोजी न्यायमूर्ती कुलदीप सिंग आणि न्यायमूर्ती सगीर अहमद यांच्या पीठाने निकाल दिला. किनारा नियमन क्षेत्रात कोळंबीचे औद्योगिक तलाव बांधता येणार नाहीत. आणि चिलिका व पुलिकत या दोन सरोवरांच्या कडेने तर १००० मीटरपर्यंत ते असता कामा नयेत. १००० मीटर! पुन्हा एक रेघ, पुन्हा एक 'होक'. पण या वेळी ती समुद्रासाठी ओढलेली नव्हती. समुद्राला त्याची हद्द सृष्टीच्या आरंभीच मिळाली होती. ही रेघ मनुष्यासाठी होती.

बंधुभगिनींनो, वकिलाला न्यायालयात उभे राहण्यासाठी वकीलपत्र लागते. त्यावर अशिलाची सही किंवा अंगठा असावा लागतो. डॉल्फिन सही करीत नाही. जो मासेमार उद्या उपाशी झोपणार आहे त्याला दिल्लीचा रस्ता ठाऊक नसतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० च्या दशकात ही अडचण ओळखली आणि जे स्वतः येऊ शकत नाहीत त्यांच्या वतीने कोणीही शुद्ध हेतूने न्यायालयात यावे, असे दार उघडले. त्याला आपण जनहित याचिका म्हणतो. राजा लमुएलाला त्याच्या आईने दिलेली शिकवण (नीतिसूत्रे ३१) नेमकी हीच आहे की, ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी तुझे तोंड उघडू दे. 'मुका' हा शब्द तेथे आपण बहुधा दीनदुबळ्या मनुष्याविषयी समजतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच मुक्यांच्या रांगेत दुसरे कोणी उभे असेल तर?

ईयोबाचे पुस्तक मला या दृष्टीने नेहमी विलक्षण वाटते. ते सबंध पुस्तक म्हणजे एक खटला आहे. ईयोब फिर्यादी आहे. मला न्यायालय मिळावे, माझा कैफियतनामा कोणी ऐकावा, स्वर्गात माझा साक्षीदार असावा, असे तो पुनःपुन्हा म्हणतो. शेवटी परमेश्वर वावटळीतून बोलू लागतो. तेव्हा ईयोबाच्या दाव्याविषयी तो चकार शब्द काढीत नाही. तो समुद्राविषयी बोलतो. रानबकरी केव्हा विते, गाढव मोकळे कोणी सोडले, शहामृग आपली अंडी कशी विसरते आणि लिव्याथानाला गळाने कोण ओढील, हे तो विचारतो. आपला एकट्याचा खटला चालावा म्हणून आलेल्या मनुष्याला कळते की न्यायालय आधीच भरलेले आहे. त्याच्याआधी येऊन बसलेले पुष्कळ जण आहेत, आणि न्यायाधीश त्या प्रत्येकाला नावाने ओळखतो.

उत्पत्तीचा पहिला अध्यायही काळजीपूर्वक वाचावा. 'बारा' हे खास ईश्वराच्या निर्मितीसाठी राखलेले क्रियापद सृष्टीच्या त्या सहा दिवसांच्या वृत्तांतात तीनच ठिकाणी येते: आकाश व पृथ्वी यांच्यासाठी, मनुष्यासाठी, आणि यांच्या मध्ये, एकविसाव्या वचनात, समुद्रातील महाकाय जीवांसाठी. पवित्र शास्त्रातील पहिला आशीर्वाद कोणाला मिळाला, असे रविवारच्या शाळेत विचारले तर मुले आदामाचे नाव घेतील. पहिला आशीर्वाद बाविसाव्या वचनात आहे आणि तो पाण्यातल्या जीवांना व पक्ष्यांना आहे. तसेच 'नेफेश हय्या', जिवंत प्राण असलेला, हा शब्दप्रयोग आधी जलचरांसाठी येतो आणि मग दुसऱ्या अध्यायात मातीपासून घडविलेल्या मनुष्यासाठी. भाषांतरात आपण दोन्ही ठिकाणी बहुधा निरनिराळे शब्द योजतो, आणि त्यायोगे हे नाते वाचकाच्या नजरेआड होते. जलप्रलयानंतर परमेश्वराने जो करार केला त्यातही, नोहाबरोबर, याच नावाने प्रत्येक सजीव प्राणी पक्षकार आहे. सही करता येत नाही म्हणून परमेश्वराने त्याला करारातून वगळले नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू येशू आपल्या शिष्यांना 'पाराक्लेतोस' देण्याचे अभिवचन देतो. मराठीत त्यासाठी आपल्याला 'कैवारी' हा सुरेख शब्द परिचित आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ, हाकेला धावून शेजारी येऊन उभा राहणारा. न्यायालयात आरोपीच्या बाजूने उभ्या राहणाऱ्यालाही तो लावीत. योहानाच्या पहिल्या पत्रात तो स्वतः ख्रिस्ताविषयी वापरला आहे. या पवित्र नामाची मी कोणत्याही वकिलाशी तुलना करू इच्छीत नाही. परंतु ज्याच्या तारणाचा सारा आधार कोणीतरी आपल्यासाठी बोलला यावर आहे, त्याने दुसऱ्यासाठी बोलणाऱ्याचे काम परके मानावे, हे मला समजत नाही.

काही जण प्रेषित पौलाचे नाव घेऊन म्हणतील की ख्रिस्ती माणसाने न्यायालयाची पायरी चढू नये. करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय सहावा. तेथे पौल भावाभावांच्या, संसारातील मालमत्तेच्या भांडणांविषयी बोलतो. स्वतःचा हक्क सोडून द्या, अन्याय सोसा, असे तो सांगतो. स्वतःचा हक्क सोडणे हा ख्रिस्ती गुण आहे. शेजाऱ्याचा हक्क आपण सोडून देणे हा गुण कोठून आला? पौलाने स्वतः कैसराकडे दाद मागितली होती. आणि नाथान संदेष्टा दाविदापुढे आला तेव्हा त्याने काय केले? एका गरिबाची आणि त्याच्या एकुलत्या एका मेंढीची फिर्याद त्याने राजाच्या दरबारात मांडली.

आपल्या मराठी मुलखाजवळची काही उदाहरणे पाहू. गोव्यात १९८६ मध्ये गोवा फाउंडेशन ही संस्था सुरू झाली. तिच्या संस्थापकांपैकी एक, वकील नोर्मा आल्वारिस यांनी वाळूच्या टेकड्या, किनारे आणि खाणी यांसाठी वर्षानुवर्षे न्यायालयात बाजू मांडली. २००२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वाळूची टेकडी ही काही मतदार नाही, तिला कोणी भेटायला जात नाही. वादळात मात्र तिच्यामागची घरे तिच्यामुळे वाचतात. यिर्मयाला हे ठाऊक होते. मुंबईत 'बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप'च्या याचिकेवर उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये खारफुटीची तोड थांबविण्याचा अंतरिम आदेश दिला; अंतिम निकाल सप्टेंबर २०१८ मध्ये आला. मध्ये तेरा वर्षे गेली. एखाद्या मुलाचा बाप्तिस्मा व्हावा आणि तो मोठ्या वर्गात जावा इतका हा काळ. आणि वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ज्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला आणि जे २०२४ मध्ये प्रभूच्या घरी गेले, त्यांनी हरित वसईच्या रक्षणासाठी रस्त्यावर उतरून लोकांचे नेतृत्व केले. भाषांतराच्या टेबलावर बसणाऱ्या आम्हा मंडळींना त्यांचे उदाहरण थोडे अवघड वाटते, कारण टेबल सोडण्याची आमची तयारी नसते.

या साऱ्या खटल्यांत एक धोका आहे आणि तो न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. मुक्या जीवासाठी ओढलेली रेघ कधी कधी गरिबाच्याच अंगणातून जाते. १९८७ मध्ये मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले तेव्हा तेथील मच्छीमारांनी त्याला विरोध केला, आणि त्यांच्या भीतीत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. मोठ्या हॉटेलांना सवलत आणि लहान होडीला बंदी, असे आपल्याकडे होत आले आहे. कैवारी जर डॉल्फिनसाठी बोलला आणि कोळ्याला विसरला, तर त्याने नीतिसूत्रांतील आठवे वचन वाचले आणि नववे गाळले.

म्हणून महाराष्ट्रातील एक व्यवस्था मला फार महत्त्वाची वाटते. समुद्रात जाळे टाकले आणि त्यात डॉल्फिन, कासव किंवा देवमासा-शार्क सापडला तर मच्छीमारापुढे एकच मार्ग उरतो: जाळे कापणे. पण जाळे हे त्याचे भांडवल असते, पुष्कळदा कर्ज काढून घेतलेले. डिसेंबर २०१८ पासून राज्य शासनाने, संरक्षित जीवाला सोडण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना सुरू केली. पुरावा म्हणून तो छायाचित्र देतो. रक्कम मोठी नाही. परंतु कायद्याने येथे कोळ्याला गुन्हेगार न ठरविता त्याच्या हातात सुरी दिली आणि जाळ्याचा खर्च समाजाने उचलला. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर, वसई-उत्तनच्या ख्रिस्ती कोळीवाड्यांसह, ही योजना लागू आहे. शिष्यांनी जाळी सोडली ही गोष्ट आपण पुष्कळदा ऐकली आहे. समुद्रात मध्यरात्री, पोटापाण्याचे जाळे हाताने कापणाऱ्या माणसाचा त्याग आपल्या उपदेशात क्वचितच येतो.

चिलिकेच्या निकालाचे पुढे काय झाले? तुम्हांला विजयाची कथा अपेक्षित असेल तर ती मजजवळ नाही. पुनर्विलोकनाच्या याचिका आल्या, अंमलबजावणी लांबली, आणि २००५ मध्ये संसदेने किनारी मत्स्यशेतीचा स्वतंत्र कायदा करून त्या उद्योगाला नवा आधार दिला. २९ मे १९९९ च्या रात्री चिलिकेकाठच्या सोरणा गावी, घेरी तोडणाऱ्या मासेमारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि चार जीव गेले. किनाऱ्याची अधिसूचनाही २०१९ च्या जानेवारीत बदलली. दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर विकासाला मनाई असलेला पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आला. दुसऱ्या बाजूला, सप्टेंबर २००० मध्ये सिपाकुडा येथे समुद्राकडे नवे मुख उघडल्यावर चिलिकेचे खारे पाणी पुन्हा खेळू लागले. अलीकडच्या वर्षांत शासनाने घेरींची मोठी क्षेत्रे मोकळी केली आणि तेथे डॉल्फिन परत दिसू लागले. निकालपत्र हे पुनरुत्थान नव्हे. पण ज्यांनी घेरी हटवल्या त्यांच्या हातात कागद होता, आणि तो कागद कोणीतरी कष्टाने मिळविला होता.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाचा उरलेला भाग. १९९८ मध्ये, छत्तीसगड राज्य होण्यापूर्वी, आपल्या दुर्गजवळच्या बोरई औद्योगिक क्षेत्राला पाणी पुरविण्यासाठी शिवनाथेचा सुमारे २३ किलोमीटरचा पट्टा २२ वर्षांच्या कराराने एका खाजगी कंपनीच्या हाती गेला. काठच्या गावांतील लोकांना मासे धरण्यास, नदीत उतरण्यास अटकाव झाल्याच्या तक्रारी उठल्या. देशभर त्याची चर्चा झाली. २००७ मध्ये विधानसभेच्या लोकलेखा समितीने हा करार रद्द करण्याची शिफारस केली. समुद्र लांब होता, घेरी मात्र आपल्या दारात उभी राहिली होती. नदी कोणाची, हा प्रश्न आमच्या उपासनेत त्या काळी एकदाही निघाल्याचे मला आठवत नाही. आम्ही त्या वर्षी देवळाच्या रंगाविषयी दोन सभा घेतल्या.

नदी कोणाची याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने कोळंबीच्या निकालानंतर अवघ्या दोन दिवसांनी, १३ डिसेंबर १९९६ रोजी, हिमाचलातील बियास नदीच्या खटल्यात दिले होते. तेथेही वकील श्री. मेहता होते आणि पीठावर न्यायमूर्ती कुलदीप सिंग होते. नदी, समुद्र, किनारा, वने यांचे शासन हे मालक नसून विश्वस्त आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि त्यासाठी जुन्या रोमन कायद्याचा दाखला घेतला. हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्राचा किनारा ही सर्वांची समाईक आहेत, हे तत्त्व जस्टिनियन या ख्रिस्ती सम्राटाच्या ५३३ सालच्या कायदेग्रंथात नोंदलेले आहे. नव्या करारात यासाठी 'ओइकोनोमोस' हा शब्द आहे. मराठीत आपण त्याला कारभारी म्हणतो. त्याच्याजवळ किल्ल्या असतात, पण घर त्याचे नसते. लूकच्या सोळाव्या अध्यायात धनी त्याला बोलावून हिशेब मागतो.

सप्टेंबर महिन्यात पुष्कळ मंडळ्या सृष्टीसाठी एक रविवार राखून ठेवतात. त्या दिवशीच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत आपण राष्ट्रपती, पंतप्रधान, अधिकारी यांची नावे घेतो तशीच या वर्षी न्यायालयांत किनारे, खाड्या आणि नद्या यांच्या वतीने उभ्या असलेल्या वकिलांसाठी, त्यांच्यापुढे बसलेल्या न्यायाधीशांसाठी, आणि आज रात्री समुद्रात असलेल्या कोळ्यांसाठी प्रार्थना घ्यावी अशी माझी विनंती आहे. आपल्या मंडळीत कायद्याचे शिक्षण घेणारी मुले-मुली असतील तर त्यांना त्या दिवशी पुढे बोलावून वडील मंडळींनी त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. भिलाईतील आम्ही त्या सकाळी शिवनाथेच्या काठी उपासना घेण्याचे ठरवीत आहोत. वाचन ईयोबाच्या अडतिसाव्या अध्यायातून होईल.